रुक्मिणीच्या वाट्याची तकली

नार्व्याच्या रुक्मिणीला कुठलीही गोष्ट ‘का’ विचारल्याशिवाय पचत नाही. माहेर गोव्यातच, पेडण्याचं; सासर डिचोलीजवळचं हे नार्वे. लग्नात तिनं भटजींनाही प्रश्न विचारले होते म्हणतात, आणि मुहूर्त टळेल म्हणून भटजींनी निम्म्यांचीच उत्तरं दिली. पासष्टी आली तरी ती खोड गेली नाही. गेली ती पायांतली ताकद.

गेल्या चवथीला गणपतीपुढे फुगड्या रंगल्या होत्या. रुक्मिणी जमिनीवर बसून गाणी म्हणत होती. आपली पाळी आली तशी उठायला गेली, तर उठताच येईना. सून संजना आणि जाऊ, दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. कोणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. पुढच्या चवथीला आपलं आपण उठायचं, एवढं एकच तिनं मनात धरलं.

श्रावणाच्या तोंडावर संजना तिला डिचोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं आहाराविषयी सांगणारी सुविधा नावाची मुलगी म्हणाली, “आजी, तुमच्या जेवणात प्रथिनं कमी पडतात असं दिसतंय.”

रुक्मिणीचा पारा चढला. “माका? आमच्या घरात रोज नुस्तें आसता गो!” नुस्तें म्हणजे मासळी, आणि मासळी म्हणजे ताकद. ती रोज खाणाऱ्या घरात काय कमी पडणार?

सुविधानं वाद घातला नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठण्याबसण्याचा व्यायाम दाखवला आणि मासळी खा, कडधान्यंही पोटभर खा, असं सांगितलं.

आणि नेमका श्रावण लागला. मासळी बंद, ती थेट गणपतीचं विसर्जन होईपर्यंत. होतं तेही बळ आता जाणार म्हणून रुक्मिणी हबकली. घरात आळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, रसदार तोणाक, मुगाची उसळ, चण्याचा रस्सा, असं आलटूनपालटून सुरू झालं. आता उसळीत काही तुकडे मोजायचे नसतात. भांडंभर शिजवायची, सगळे जेवून उठले तरी तळाशी उरायची, आणि ती रुक्मिणी निवांतपणे भातावर ओढून घ्यायची. खुर्चीवरची उठबसही चालू होती, कुरकुरत का होईना.

चवथ आली. फुगडीसाठी हाक आली. रुक्मिणीनं सवयीनं संजनाकडे हात केला, पण तिनं तो धरायच्या आत म्हातारी उभी! आनंदाआधी तिला नवलच वाटलं. फुगडी घालतानाही डोक्यात एकच प्रश्न गरगरत होता.

विसर्जन झाल्यावर ती आपणहून सुविधाकडे गेली. “म्हणजे आळसांदो नुस्त्यापरस बरो?”

“तसं नाही, आजी. तेवढ्याच वजनाच्या मासळीत उसळीपेक्षा प्रथिनं जास्त असतात, आणि ती अंगी सहज लागतात. कडधान्यात जे थोडं कमी असतं ते भात भरून काढतो, फक्त उसळ जास्त खावी लागते. दोन्ही चांगलंच. शिवाय तुम्ही व्यायाम केलात.”

“मगे रोज नुस्तें खायताना पाय कित्या गेले?”

“तुमच्या ताटात तुकडे किती येतात?”

रुक्मिणी मनात एकेक ताट मोजू लागली. बांगड्याचे मधले तुकडे नवऱ्याला, मुलाला, नातवंडांना. शेपटीकडचा संजनाला. तिच्या वाट्याला हुमणाच्या कालवणाचा रस, आणि तकली, म्हणजे माशाचं डोकं. ते चोखता चोखता भात संपून जातो. ‘माका तकलीच आवडता’ असं ती नवी नवरी असताना कधीतरी म्हणाली होती. का म्हणाली होती? साऱ्या जगाला ‘का’ विचारणाऱ्या बाईनं हे एक स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला रडू आलं, रागही आला. कोणाचा, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी बांगडे आणले. रुक्मिणीनं पानं वाढली. एक मधला तुकडा संजनाला, एक स्वतःला, आणि नवऱ्याच्या, अनंताच्या ताटात तकली. मग सगळ्यांबरोबर तीही मांडी घालून बसली.

अनंत चक्रावला. “अगो, तकली तुका आवडता मगे?”

“आवडता,” काटा काढत ती म्हणाली. “आज तुमी खावन सांगात, कशी लागता ती.”

अनंतानं तकली चोखायला घेतली. उलटीसुलटी करून बराच वेळ चोखली. मग वर बघून म्हणाला, “ह्या तकलेंत खावपाक आसा तरी कितें?”

संजनाचा घास हातातच राहिला. रुक्मिणी मात्र जेवत राहिली.