चार सेकंदांत गार

"कॉम्प्युटरचा बोर्ड गेला, गुरुजी," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. समोर राठोड गुरुजी निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखे खुर्चीत ताठ बसलेले. मी तोंड पुन्हा मिटलं.

मी वसमतला कॉम्प्युटर दुरुस्त करते. गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी तांड्यातांड्यांवर हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून आपल्या गोरबोलीचे, म्हणजे बंजारा भाषेचे, शब्द गोळा केले आणि अकरा वर्षं एका बोटानं या जुन्या डेस्कटॉपवर टाइप केले. सांगणारी निम्मी माणसं आता नाहीत. दुसरी कॉपीही नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं आणि गुरुजींचं जेवणावरचं लक्ष उडालं.

दुखणं असं होतं. भिंतीवरचा स्विच टाकला की पंखा गरगरायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि चार सेकंदांत सगळं गार.

"हार्ड डिस्क काढून दुकानात नेते. तिथं बघू," मी म्हटलं. हार्ड डिस्क म्हणजे सगळं साठवायची डबी.

"बाकी काय न्यायचं ते ने. शब्द घराबाहेर जाणार न्हाईत."

गुरुजींचं 'न्हाई' मला सातवीपासून माहीत आहे. तिथंच बसून डबा खोलला. पावशेर धूळ निघाली. रॅमच्या पट्टीचे पितळी दात खोडरबरनं घासले. चार सेकंदांत गार. बोर्डावरचा बटन सेल बदलला. गार. एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारी पेटी, ती माझी नवी लावली. तरी गार. उरला बोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी. इतका जुना बोर्ड आता मिळत नाही.

तेवढ्यात गुरुजींची बायको, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या.

"कवापासून बघून राहिले मी," त्या म्हणाल्या. "तू याचं बटन काहून दाबत न्हाईस? हे तर दाबतेत."

माझा कप हातातच राहिला. खरंच, दोन तासांत मी पुढचं बटन एकदाही दाबलं नव्हतं. मग मशीन आपोआप सुरू कसं होत होतं?

बटनावर लालभडक कुंकू होतं. दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना ते लागतं, म्हणून मी बघूनही बघितलं नव्हतं. नखानं खरवडलं तर खाली मेण. बटन आत दबून चिकटलेलं, म्हणून भिंतीवरचा स्विच टाकताच मशीन सुरू व्हायचं. पॉवरचं बटन चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो. बिचारा नेमाप्रमाणे बंद होत होता.

"काकू, बटनाला मेण?"

"दरसाली कोरडं लावते, ते झडून जातं. औंदा आधी मेण लावलं अन् दाबून बसवलं. त्याचं कपाळ तेच ना? तिथं बोट टेकलं की जागं व्हतंय."

टूथपिकनं मेण काढलं. बटन टक् करून वर आलं. यावेळी मी दाबलं, आणि चार सेकंद गेले, दहा गेले, पडदा उजळला. गुरुजींची फाइल उघडली. पहिल्याच पानावर 'याडी', म्हणजे आई. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. माझेही भरून आले होते. आम्ही दोघांनी धुळीला नावं ठेवली.

मग त्यांचा मास्तर जागा झाला. "संगीता, पेपरात आधी कोणतं गणित सोडवायचं?"

"सोपं, गुरुजी."

"मंग?"

मी खाली मान घालून दोन पेनड्राइव्हवर कॉपी केली. एक माझ्याकडे ठेवायला गुरुजी मुकाट्यानं तयार झाले. दुसरा काकूंनी हातात घेऊन उलटापालटा केला.

"अन् ह्याचं कपाळ कोणीकडं?"

"ह्याला नुसतं फूल वाहा, काकू."

तेव्हापासून दसऱ्यानंतर कुणाकडेही गेले, की स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी विचारते, पूजा कुणी केली? आणि कुंकू कुठं लावलं?