घोडीजवळ हे काय बोलतात

मामेसासऱ्यांनी ती घोडी आमच्या दारात आणून बांधली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कोणी फुकट जनावर देतो म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच. सासूबाईंनी तर तिच्या पुढच्या पायावरचा केसांचा भोवरा दाखवला आणि म्हणाल्या, असं जनावर मालकाचा खुंटा उपटतं. मामेसासरे हसले नाहीत. जन्म घोड्यांत गेलेला माणूस. म्हणाले, "बाई, तुह्या घराचा खुंटा तं आधीच हालला. पोराले हिची चाकरी करू दे. घोडीपाशी खोटं चालत नाई. मानसाच्या पोटात राग असला तं ते कान मांगं टाकते. मानूस निवला का आपसूक जवळ येते."

'पोरगा' म्हणजे माझा नवरा. पन्नास-बावन्न सालच्या सुमाराची ही गोष्ट. अनसिंगजवळचं आमचं खेडं, आणि डॉक्टर थेट वाशीमला. भाद्रपदात आमचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला. गाडी वाशीमच्या वाटेवर असतानाच गेला. तेव्हापासून ह्यांनी बोलणं टाकलं होतं. वावरात जायचे, यायचे, ताटातलं निम्मं ठेवून उठायचे.

माझ्याशी तर बोलायची सोयच उरली नव्हती. त्या काळी सासू-सासऱ्यांच्या देखत नवराबायको थेट कुठे बोलत? सगळं लेकराच्या तोंडून चालायचं. मी समोर चुलीपाशी बसलेली असले तरी हे पोराला म्हणायचे, "बाबू, तुह्या मायले सांग, भाकर लवकर धाड म्हना." बाबू दोन पावलं चालून येऊन मला सांगायचा, आणि माझा निरोप दोन पावलं मागे न्यायचा. त्याला त्याचा भारी तोरा होता. तो गेला आणि आमच्या दोघांमधली वाटच मोडली.

माझ्या पोटात मात्र एकच किडा वळवळत होता. ताप येण्याच्या आदल्या दिवशी मी बाबूला वावरातली काकडी दिली होती. सासूबाई बारावा होईपर्यंत गप्प राहिल्या, मग आल्यागेल्याला सांगू लागल्या, "भादव्यात काकडी चारली, दुसरं काय?" मी ऐकत होते. जग काही म्हणो, ह्यांनाही तसंच वाटतं का, एवढंच मला कळायला हवं होतं. विचारणार कशी? हे माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी त्याचा अर्थ लावून मोकळी झाले होते.

अशात ही घोडी. हे पहाटेच उठून तिला खरारा करायचे, पाणी दाखवायचे, खुरांत अडकलेले खडे काढायचे. महिनाभरात ह्यांचं जेवण सुधारलं. घर खूश झालं, आणि मी आणखी जळले. कारण हे घोडीशी बोलत होते! मी स्वतः पाहिलं. तिच्या मानेला कपाळ लावून पुटपुटायचे. बायकोला एक शब्द नाही आणि जनावरापुढे कीर्तन. मी शेणाची टोपली घेऊन कुडाच्या मागे उभी राहायची. माझंच नाव सांगत असतील, मला वाटायचं. हिनंच पोर खाल्लं म्हणत असतील. पण घोडी मोठी बिलंदर. माझी चाहूल लागली की तिचा एक कान माझ्याकडे वळायचा, आणि हे गप्प व्हायचे. कधी मी वैरण टाकायला गेलेच तर दोन्ही कान मागे टाकून डोळे वटारायची. मामेसासऱ्यांचे शब्द आठवून मला तिचा फारच राग यायचा. ही कोण माझ्या पोटातलं ओळखणारी?

संक्रांत झाल्यावर घरची मंडळी मेडशीला लग्नाला गेली. राखणीला आम्ही दोघं मागे राहिलो. दुपारी घोडी दावं तोडून खळ्यात शिरली आणि नव्या ज्वारीच्या राशीवर तिनं ताव मारला. थोड्या वेळानं ती पोटाकडे वळून वळून बघू लागली, पाय आपटू लागली. पोटात शूळ उठला होता. अशा वेळी घोडं बसलं, लोळलं, की आतडं पिळवटतं आणि खेळ खलास. त्याला सारखं चालवावं लागतं. ह्यांनी हिंग-ओवा पाजला, दोर धरला आणि खळ्यात फेऱ्या सुरू केल्या. पण घोडी डाव्या अंगाला कलंडायला बघायची. मग मी काही न विचारता त्या बाजूनं तिला खांदा लावला. घोडी मधे, अलीकडे मी, पलीकडे हे. घामानं माझं लुगडं तिच्या अंगाला चिकटलं होतं. त्या दिवशी तिनं कान मागे टाकले नाहीत, टाकायचं त्राणच नसेल.

बऱ्याच फेऱ्यांनंतर पलीकडून आवाज आला. "तिले सांग, तू जाय घरात. मी फिरवतो."

घोडीला सांगत होते. बाबूला सांगायचे तसंच. मीही घोडीलाच म्हणाले, "त्याइले सांग, मी दमली नाई."

आणखी दोन फेऱ्या झाल्या.

"तिले इचार, माह्यावर राग हाय का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घोडीला सांगायचं विसरून मी विचारलं, "तुमच्यावर? काहून?"

"तू सकायीच म्हनली होती, गाडी जुपा. बाबा म्हनले दम धर, अन् मी त्याइच्या तोंडाकडं पाह्यत राह्यलो. दुपार झाली. जुपली असती तं..." त्यांनी घोडीची मान थोपटली. "रोज हिले हेच सांगतो. तुले सांगाची हिंमत नाई झाली."

"अन् काकडी?" मी म्हणाले.

"कोनती काकडी?"

मी घोडीच्या मानेखालून वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. सारा गाव बोलत होता आणि ह्या माणसाच्या कानावर ते गेलंच नव्हतं, किंवा गेलं असेल तर मनाला शिवलं नव्हतं. पाच महिने मी जे त्यांच्या तोंडून ऐकायला भीत होते, ते त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. पण थांबता येत नव्हतं. घोडी चालायला हवी होती.

दिवस कलताना घोडीनं लीद टाकली, आणि जीव वाचल्याचं कळलं. ह्यांनी दोर सैल केला. मग पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी माझ्याकडे बघून.

"राग हाय का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण तो सकाळचा प्रहर मला आठवला, अंगणात उभी असलेली रिकामी गाडी आठवली.

"हाय," मी म्हणाले. "लई हाय."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत.

"असू दे," ते म्हणाले. "पन बोलत जाय."