औंढ्याच्या वाटेवर वाचलेला पाय

माझा उजवा पाय आज माझ्या अंगाला जोडलेला आहे ही नागनाथाची कृपा. ज्यांना माझ्या बाकीच्या गोष्टी खोट्या वाटतात त्यांनी निदान ही तरी खरी मानावी, कारण हिचा पुरावा मी रोज सोबत घेऊन चालतो. मी जरा वाढवून सांगतो असं आमचं सगळं हट्टा गाव म्हणतं. म्हणो बापडं. पण त्या वाटेवर माझ्या मनात देवाविषयी जी शंका आली, ती मी इथे तीळभरही वाढवलेली नाही. ती होती तेवढीच फार मोठी होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, रॉकेलही नीट मिळत नव्हतं, आणि तशात आमच्या कुटुंबाला, म्हणजे बायकोला, विषमज्वर झाला. वैद्याने हात टेकले. मी अंगणात उभा राहून नागनाथाला बोललो, की ही उठली तर हिला घेऊन औंढ्याला पायी येईन आणि तोवर पायात काही घालणार नाही. ती उठली. उठली ती थेट माझ्यावर ओरडतच उठली, म्हणजे पूर्ण बरी झाली होती. मात्र तिच्या पायांत चालण्याइतकं बळ यायला अख्खी सुगी गेली, आणि ती सुगी मी अनवाणी काढली. ज्वारीच्या धसकटांतून, कापसाच्या पऱ्हाट्यांतून मी असा चालायचो की माझे तळवे गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेसारखे झाले. बाभळीचा काटा लागला की काटाच मोडायचा. एकदा विंचवाने नांगी मारली, तर तो बिचारा नांगी बोथट करून परत गेला. त्याची पुढची पिढी बिननांगीची निघाली असं ऐकून आहे.

एवढं कौतुक चाललेलं असताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, एक टणक गाठ आली. कुरूप, असं मीच ठरवलं. आमच्याकडे कुरूपावर बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका देतात. लोक थेंबभर लावतात. मी अख्ख्या बिब्ब्याचं तेल ओतलं, वर दुसऱ्याचं. कातडी भाजली, फोड आला, फोडाखाली ठणका सुरू झाला. बायको म्हणाली, वसमतला दवाखान्यात दाखवा. मला पक्कं ठाऊक होतं की डॉक्टर पहिल्यांदा जोडा घालायला सांगणार आणि नवस मोडणार. मी म्हणालो, "नवसाचा पाय हाय. ज्याचा नवस त्यो बघंल." आणि आम्ही निघालो.

मुक्काम करत करत औंढा जवळ आलं तोवर पायाचा भोपळा झाला होता. घोट्यावरून एक लाल रेघ पोटरीकडे चढली होती, जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, आणि भर उन्हात मला हुडहुडी भरत होती. समोर नागनाथाचं शिखर दिसत होतं आणि मला पुढचं पाऊल टाकवत नव्हतं. मी एका कडुलिंबाखाली बसलो. मनात म्हणालो, देवा, तुझ्याच दारी येऊन राहिलो, आणि तूच माझा पाय मागतोस? पाय गेला तर औत कोण धरणार, हिला कोण पोसणार? तू आहेस की नाहीस? अनवाणी येईन म्हणताना माझा आवाज जेवढा मोठा होता, तेवढाच तो आता बारीक झाला होता.

त्याच लिंबाच्या पलीकडे एक बैलगाडी सोडलेली होती. तिचा एक बैल लंगडला म्हणून नालबंद त्याला नाल मारत होता. बैलाला उभ्याने नाल मारत नाहीत. दोर टाकून आडवा पाडतात, पाय बांधतात, मग मारतात. गाडीचे मालक म्हणजे पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात डॉक्टरकी करून आता औंढ्याला लेकीकडे चालले होते. बायकोचं रडं ऐकून ते आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. लाल रेघेवर त्यांनी नजर टाकली मात्र, चेहराच बदलला.

"ये कब से चढ़ी?"

"कालपास्नं," बायको म्हणाली.

"और ये भला आदमी चलून राहिला! बेटी, अभी चीरना पडेगा. ही रेघ वर गेली तर पाय कापावा लागंल. तोही, हा जगला तर."

त्यांनी हात पुढे केला आणि मी पाय पोटाशी ओढून घेतला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझ्या पायाला हात लावणार, माझ्यापुढे मान वाकवणार! मी म्हणालो, "साहेब, तुमचा हात माझ्या पायाला लागला तर मला नरकात बी जागा मिळायची न्हाई."

"जागा मैं दिलाता. पहले पाँव दे."

"न्हाई."

पलीकडून नालबंद ओरडला, "साहेब, ह्या बैलाचं उरकू द्या, मंग ह्याच दोरानं त्याला पाडू!"

डॉक्टर हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. बायकोने पदराने तोंड पुसलं. एकदा आडव्या बैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"अवो, शिखर दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं."

"मंग देवाला दंडवत घाला. पुढं चालवतंय का न्हाई कोण जाणे. हितूनच घाला."

हे मला पटलं. मी हात जोडून पालथा पडलो, कपाळ मातीला टेकवलं, तोच ती माझ्या पोटऱ्यांवर बसली. "आता उठू नगा! तुमी देवाच्या पाया पडा, साहेब तुमच्या पायाशी बसतील. कोण कुणाच्या पाया पडलं ते वरचा बघून घेईल. नवस माझ्यासाठी केला व्हता न? मंग मी सांगते तसा फेडा."

नालबंदाच्या विस्तवावर पाणी उकळलं, डॉक्टरांच्या पेटीतलं चिरायचं नश्तर उकळलं. मी पहिली आरोळी मारली तेव्हा देवळातली घंटा आपोआप वाजली म्हणतात. पू निघाला तो घागरभर. डॉक्टर म्हणाले वाटीभर, पण पाय माझा होता. आणि पुवाबरोबर निघाली ज्वारीच्या धसकटाची एक काडी. ते कुरूप नव्हतंच. मी सुगीभर माझंच रान तळव्यात घेऊन हिंडत होतो आणि वर बिब्बे लावत होतो. पालथ्या पालथ्या, तोंडात माती गेलेली, मी पहिल्यांदाच काही न मागता नुसता देवापुढे पडून होतो.

पुढे डॉक्टरांच्या गाडीत बसायला मी तयार होईना. बायको म्हणाली, "पायात काय घातलंय का? न्हाई. पट्टी काय जोडा हाय? आन् पायी येणं दंडवत घातला तितंच फिटलं." गाडीत बसून गेलो. नागनाथाच्या गाभाऱ्यात अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं. मला ते जमलं नाही. ती एकटी उतरली, मी वर बसून राहिलो. देवाने मला खाली बोलावलं नाही, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

जखम भरेपर्यंत आम्ही औंढ्यातच एका धर्मशाळेत राहिलो. डॉक्टर रोज लेकीच्या ओसरीवर पट्टी बदलत आणि रोज रागावत. म्हणत, कुरूप असो, भेग असो, नख रुतलेलं असो, त्यावर बिब्बा, चुना, शेण काही लावायचं नाही. पाय सुजून गरम लागला, लाली वर चढली, ताप आला, की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ज्याला मधुमेह आहे त्याने तर साध्या फोडालाही थांबायचं नाही. हे मी आता गावभर सांगतो, आणि हे सांगताना काही वाढवत नाही.

पहिले काही दिवस पट्टी बदलताना मी तिथेही शिखराकडे तोंड करून पालथा पडायचो. त्यांच्या लेकीची लेकरं हसायची. मग एका सकाळी डॉक्टरांनी कोमट पाणी आणलं, चष्मा लावला आणि नेहमीसारखा हात पुढे केला. त्यांचा बैल नेमका त्याच लिंबाखाली का लंगडला, हे मला कुणी विचारू नये. त्या सकाळी ते मलाही विचारावंसं वाटलं नाही. मी पालथा पडलो नाही. पाय उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.