पाच वॅटच्या आत

पाथर्डीत गहिनीनाथ हवालदारांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान पिठाच्या गिरणीला लागून होतं. लष्करात वायरलेसवर वीस वर्षं काढून ते परतले, हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि मागच्या खोलीतून, स्वतः बांधलेल्या यंत्रावर टिकटिक करत परदेशातल्या हौशींशी बोलू लागले. बोलणं काय, तर ‘तुझा आवाज अमुक इतका येतो’, एवढंच. मला हा उद्योग कधी कळला नाही. पण मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे त्यांचे कागद लिहून देणं माझ्या गळ्यात पडलं होतं.

१९७३ साली त्यांनी कमी ताकदीच्या यंत्रांच्या एका परदेशी स्पर्धेत भाग घेतला. यंत्राची ताकद पाच वॅटच्या वर जाऊ द्यायची नाही आणि दोन दिवसांत जमतील तितके संपर्क करायचे. पाच वॅट म्हणजे झिरोच्या बल्बाहूनही कमी. तपासायला कोणी येत नाही. नियम पाळल्याच्या कागदावर आपणच सही करायची.

रविवारी उन्हं कलताना हवालदारांनी ब्राझील गाठलं. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या पेठेला ते ठाऊक झालं आणि व्यापाऱ्यांनी सत्कारही ठरवून टाकला.

सोमवारी ते तोंड पाडून माझ्याकडे आले. “गुरुजी, घोळ झाला.”

गिरणी चालू असली की आमच्या आळीत विजेचा दाब पार खाली जायचा. हवालदारांनी त्याच मरतुकड्या दाबावर यंत्र बरोब्बर पाच वॅटला लावलं होतं. रविवारी गिरणीचा पट्टा तुटला, गिरणी थांबली आणि वीज एकदम पुरी आली. हे कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसलेले. मीटरच्या काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा यंत्र साडेसात वॅटवर चाललं होतं. त्या तासात अकरा संपर्क झाले होते. ब्राझील त्यातच.

“करा सही,” मी म्हणालो. “इथल्या गिरणीचा पट्टा तिकडं कोणाला दिसतोय?”

“मला दिसतोय न्हवं.”

मला त्यांचा रागच आला. उगाच लहान झाल्यासारखं वाटलं.

चार दिवस ते कागद खिशात घालून हिंडले. त्यांची बायको कडूबाई मला म्हणाली, “गुरुजी, ह्यांनी धड भाकर खाल्ली न्हाई. एक तर सही करा म्हनावं, न्हाईतर फाडून टाका.”

शुक्रवारी कागद टपालात टाकायलाच हवे होते. सकाळी हवालदार आले, माझी लाल शाई मागितली आणि पट्टी धरून संपर्कांच्या यादीतल्या त्या अकरा ओळी खोडू लागले. ब्राझीलपाशी हात थांबला. ‘राहू द्या’ माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी रेघ ओढली, सही केली आणि असा श्वास सोडला की मलाच सुटल्यासारखं झालं.

पोस्टातून परतताना भेटेल त्याला ते आपणहून सांगत सुटले, “सत्कार ऱ्हाऊ द्या. ब्राझील खोडलं म्या.” दुपारी तीन भाकरी खाल्ल्या, असं कडूबाईनं सांगितलं.

सात महिन्यांनी निकालाची यादी आली. हवालदार खालून तिसरे. मी सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तर हा गृहस्थ आपल्या नावापुढच्या संपर्कांच्या आकड्यावर बोट ठेवून हसत होता.

“बत्तीस, गुरुजी,” ते म्हणाले. “ह्यातला एकबी कुनाला परत द्यायचा न्हाई.”