पट्टीवाल्याच्या दोन डब्या

पट्टीवाला मूळचा इथला नाहीच, सीमेपलीकडून आलेला आहे, आणि म्हणूनच संधी मिळताच त्याने पृथ्वीच्या गोलांवर आमच्या देशाचं नाव झाकून तिथे पलीकडच्यांचं चिकटवलं, असं पुष्कळ वर्षं कानोकानी फिरत होतं. त्याच्या ट्रंकेत दोन पासपोर्ट आहेत असंही म्हणत. ते पासपोर्ट पाहिलेला माणूस मला कधी भेटला नाही. पाहिलेल्याला ओळखणारे मात्र सहासात जण भेटले.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. शाळांना लागणारे पृथ्वीचे गोल बनवायचे, हा धंदा. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली आणि मागे फरशीचं अंगण. खोलीत गोलावर नकाशा चिकटवायचा, अंगणात त्याला व्हार्निश लावून वाळवायचं, स्टँडवर बसवायचं, की शेवटी मी खोक्यात भरणार. एखाद्या देशाने नाव बदललं की तयार गोल फेकून कसे देणार? मग गव्हाच्या दाण्याएवढी नव्या नावाची पट्टी जुन्या नावावर चिकटवायची. ते काम पट्टीवाल्याचं. एक चिमटा, एक खळीची वाटी आणि पट्ट्यांच्या डब्या. पट्टीवरचं नाव तो वाचत नसे. "वाचायचं काम नवशिक्यांचं," म्हणायचा, "माझ्या हातालाच भूगोल येतो."

आता आमच्या देशाची आणि शेजारच्या देशाची गंमत सांगतो. एकेकाळी दोन्ही मिळून एकच देश होता. पुढे वाटणी झाली. भाऊ वेगळे झाले की भांड्याकुंड्यांवरून भांडतात, हे नावावरून भांडले. दोघांनाही बापाचंच नाव हवं. शेवटी आम्ही त्याच नावाच्या पुढे 'पश्चिम' लावलं, त्यांनी 'पूर्व'. बाकीच्या जगाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमची पत्रं त्यांच्याकडे जायची, आणि त्यांच्या खेळाडूला पदक मिळालं की गीत आमचं वाजायचं. दोघेही याला वैतागले आणि एका वर्षी, पंधरा दिवसांच्या अंतराने, दोघांनीही दिशा टाकून कोरी नवी नावं घेतली. गोदामात सहाशे गोल तयार पडलेले. पट्टीवाल्याला मान वर करायला फुरसत नाही.

पण मान वर करायला कारण होतं. ते कारण अंगणात होतं.

अंगणात व्हार्निश लावायचं काम त्याच्या बायकोचं. तिच्याशेजारी पाहुणा बसायचा, लाकडी स्टँड घडवायला. तो पलीकडून आलेला, म्हणून पाहुणा. आठ वर्षं झाली तरी पाहुणाच! गडी उंच, दात पांढरेशुभ्र, आणि तोंडाला कुलूप नाही. एकदा पट्टीवालीने त्याला विचारलं, "म्हणजे भावजी, तुम्ही नक्की कुठले?"

"तेच तर कळत नाही, वहिनी. कागदावर जो देश आहे तो आता नाही, आणि जो आहे तो माझ्या कागदावर नाही. मुलगी बघायला गेलो, तर तिचा बाप म्हणाला, आधी देश शोधून आणा, मग पोहोचवतो मुलगी."

पट्टीवाली अशी हसली की ब्रशातलं व्हार्निश तिच्याच पायावर ओघळलं. आत पट्टीवाल्याचा चिमटा हवेत थांबला. त्याची पाठ अंगणाच्या दाराकडे होती, त्यामुळे त्याला नुसतं ऐकू आलं. नुसतं ऐकू येणं हे दिसण्यापेक्षा वाईट, हे ज्याने जळून पाहिलंय त्यालाच कळेल.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला तोच विनोद सांगितला. अगदी मुलीच्या बापाच्या आवाजासकट. तिने कपडे घडी करता करता ऐकून घेतला आणि म्हणाली, "भावजींनी सांगितला तेव्हा छान होता."

हे मला त्यानेच सांगितलं, पुढे फार वर्षांनी. सांगताना सुद्धा त्याचं नाक लाल झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवाल्याने स्टूल उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, अंगणाकडे तोंड करून बसला. मी विचारलं, "का हो, आज इकडून?"

"मान अवघडते उजेडाकडे पाठ करून," अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला.

तीन दिवस तो तिथे बसला. पाहुण्याने बायकोला ब्रश उचलून दिला, की याच्या कपाळावर आठी. ती हसली, की याच्या अंगाचा तिळपापड. हात मात्र चालूच. डाव्या हाताच्या डबीतली पट्टी डावीकडच्या देशावर, उजव्या हाताची उजवीकडच्या. एकशेचाळीस गोल झाले. तिने व्हार्निश लावलं, पाहुण्याने पाय बसवले, मी खोक्यात भरले. व्हार्निश लावणारी गोल फिरवते, वाचत नाही. आणि भरणाऱ्याचं काय, तो तर निव्वळ मोजतो.

आठवड्याने एक मुख्याध्यापिका गोल काखेत मारून कारखान्यात आल्या. मालकाच्या टेबलावर तो आदळला. "आमची शाळा परदेशात कधी गेली हो? मुलं विचारताहेत."

मालकाने भिंग लावून पाहिलं. आमच्या देशावर शेजाऱ्यांचं नाव, शेजाऱ्यांच्या देशावर आमचं! मालकाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मग तो जो अंगणात धावला, तो थेट पाहुण्यावर.

"तुमच्याशिवाय त्यांचा एवढा पुळका कोणाला?"

"मालक, मी गोलाचे पाय करतो. नावापर्यंत माझा हात पोचत नाही."

"ते मला सांगू नका. संध्याकाळपर्यंत सामान आवरा."

आम्ही सगळे दारात उभे. मी पट्टीवाल्याकडे पाहिलं. त्याला चूक केव्हाच कळली होती, टेबलावरच्या डब्यांकडे एकदा आणि स्टुलाकडे एकदा त्याची नजर गेलेली मी पाहिली होती. आणि तरी चेहरा काय खुलला होता! स्वतःच्या लग्नातही नवरदेव एवढा खुलला नव्हता. गप्प राहिलं की काटा आपोआप निघत होता. तोंडात साखर धरून बसल्यासारखा तो गप्प बसला.

तेवढ्यात पट्टीवाली आत गेली आणि चहा घेऊन आली. निळ्या कपातून. तो तिचा खास कप, नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायची नाही. तो तिने पाहुण्याच्या हातात दिला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "तुम्ही गेलात तर इथे माणसाने हसायचं कोणाच्या तोंडाकडे बघून?"

"पट्ट्या मी लावल्या!" पट्टीवाला ओरडला.

लोक याला पुढे त्याचा मोठेपणा म्हणाले. म्हणोत. मला तर तो निळा कप दिसत होता.

मालक चक्रावला. "तू? पंधरा वर्षांत एक बेट चुकलं नाही तुझं. का केलंस?"

पट्टीवाला बोटांवरची वाळलेली खळ खरवडू लागला.

"अरे, तू तिकडचा आहेस की काय?"

त्याने बायकोकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर सगळ्यांदेखत सांगावं लागणार, आणि पाहुणा त्याचाही विनोद करणार. तिला पुन्हा हसवणार!

"असेन," तो म्हणाला.

झालं. पाहुण्याची नोकरी राहिली, आणि गावाला जन्मभराची बातमी मिळाली. एकशेचाळीस गोल परत आले. ते निस्तरणारा दुसरा हात नव्हता, म्हणून मालकाने पट्टीवाल्यालाही ठेवलं. पट्टीवाल्याने पट्ट्यांवर पट्ट्या लावून देश जागच्या जागी आणले. ते करताना स्टूल जुन्या जागी होतं, अंगणाकडे पाठ.

पट्टीवालीने ते पाहिलं. दोन्ही डब्या पाहिल्या. फरशीवर स्टुलाच्या पायांचे ओरखडे दोन्ही बाजूंना होते, तेही पाहिले. मग अगदी साळसूदपणे म्हणाली, "मान आता बरी आहे का?"

"कसली मान?" त्याच्या तोंडून निसटलं.

ती हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून. अंगणातून पाहुण्याने विचारलं, "काय झालं, वहिनी?" तर म्हणाली, "तुम्हाला नाही सांगायचं."

पट्टीवाल्याने त्या दिवशी एकही पट्टी धड लावली नाही.

तो इथलाच होता. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत जन्मला, पासपोर्ट त्याने कधी काढलाच नाही. त्या तीन दिवसांत बायको कोणाबरोबर हसते हे बघायला त्याने स्टूल हलवलं होतं आणि डब्या हलवायला विसरला होता.