भुताचा गळा

मंचरला कांद्याच्या वखारीत, भरदुपारी शटर ओढून, गावच्या पोरांनी मोबाइलवर काढलेला भुतांचा सिनेमा दाखवला. चार छोट्या कथा, खर्च जवळपास शून्य, रक्त बिटाचं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण पहिल्या कथेपेक्षा लांब आणि जास्त भीतिदायक होतं.

माझ्या शेजारी बोरी गावची एक बाई होती. बिबट्या गळाच धरतो म्हणून बायका उसात जाताना घालतात तो खिळ्यांचा पट्टा तिच्या गळ्यात तसाच होता. प्रत्येक भुताला ती पदर तोंडाला लावून हसायची. तिसऱ्या कथेत हडळ आली तेव्हा मला कोपर मारून म्हणाली, "माजी लेक हाय. साडी बी माजीच."

हडळ उसाकडे पाठ करून, केस सोडून बसली होती. उजेड फक्त मोबाइलच्या बॅटरीचा. बाईचं हसू एकदम थांबलं.

"भाऊ, मागचं डोळं कुणी लावलं?"

लेकीच्या मागे, उसात, दोन हिरवट डोळे चमकत होते.

"कुठलं डोळं?" पुढं उभ्या दिग्दर्शकानं विचारलं, पडद्याकडे वळून पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. लोक टाळ्या वाजवत होते. खोटं उभारायला पैसे नसले की सिनेमात खरं शिरतं, हे मी वाचलं होतं. इतकं खरं मला नको होतं.

बाई उठली आणि पुढच्या रांगेतल्या लेकीच्या गळ्यात तिनं स्वतःचा पट्टा अडकवला.

"भूत हो, न्हाईतर काय बी हो," ती म्हणाली. "गळा हाय ना तुला?"