झिराडकरकाका लहान मुलांच्या वर्गात बसतात

मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींत अशी अफवा होती की बस चालवणारे झिराडकरकाका मुळात मोठे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू. कुणाशी तरी भांडून बसवर आलेले. पुरावा भक्कम होता. शनिवारी ते बसला हात लावत नसत आणि एरवी प्रत्येक राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, हिब्रूत काहीतरी गुणगुणत. मी त्यांची नक्कल करायचे: कलती मान, मिटल्यासारखे डोळे, नाकातून निघणारा लांबच लांब सूर. गणपतीच्या कार्यक्रमात त्या नकलेला वन्स मोअर मिळायचा.

खरं म्हणजे काकांना हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. अलिबागजवळच्या गावात, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्याच्या घरचा जन्म. वडील शनिवारी घाणा बंद ठेवत. उरलेले दिवस बैलामागून फिरता फिरता प्रार्थना म्हणत, आणि मुलगा त्यांच्यामागून. पुस्तक घरात नव्हतंच.

"बैल गोल, बाप गोल, मी गोल," काका सांगत. "इथं आलो तर कौन्सिलने शहरच घाण्यासारखं बांधलेलं. म्हटलं, हे आपलंच."

आई कामावरून येईपर्यंत दर शुक्रवारी मी त्यांच्या घरी असे. उन्हं तिरपी व्हायची, स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधाचा वास यायचा, आणि मिल्काकाकू दिवा लावून स्तोत्रं वाचायच्या. काका डोळे मिटून ऐकायचे. त्या आवाजात बाहेरच्या गाड्यासुद्धा पाण्याखालून चालल्यासारख्या वाटायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात काकूंची नजर काचबिंदूने झाकोळली. अक्षरं पानावरून धुक्यासारखी उठून जायला लागली.

"मी म्हणतो की," काका म्हणाले. "मला सगळं पाठ आहे."

"पाठ तर मलाही आहे. मला पान ऐकायचंय हो," काकू म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

त्या रविवारपासून अठ्ठावन्न वर्षांचे काका लहान मुलांच्या हिब्रू वर्गात जायला लागले. खुर्ची इतकी बुटकी, की गुडघे कानाला लागत.

"काका, लाज नाही वाटत?"

"अगं मैने, रब्बी अकिवा ठाऊक आहे का तुला? दोन हजार वर्षांपूर्वीचा. चाळिशीचा गुराखी, अक्षर येत नाही. एकदा विहिरीपाशी त्याला दगडात पडलेली खाच दिसली. कुणी पाडली? पाण्याने, थेंब थेंब पडून. तो म्हणाला, माझं काळीज काही या दगडाहून कठीण नाही. आणि बसला जाऊन पोराच्या वर्गात! पाटीचं एक टोक पोराने धरलेलं, एक बापाने."

"आणि त्याची बायको राहेल?" आतून काकू. "तिने पाठवला म्हणून गेला ना?"

"तेच सांगणार होतो."

"दर वेळी तेच सांगणार असता."

पुढे अकिवाला हजारो शिष्य मिळाले. राहेल फाटक्या लुगड्यात त्याला भेटायला आली, तेव्हा शिष्य तिला ढकलायला लागले. अकिवा म्हणाला, सोडा तिला. माझं आणि तुमचं जे काही आहे, ते हिचंच आहे. इथवर आले की काकांचा आवाज खाली उतरे आणि आतल्या भांड्यांचा आवाज थांबे. शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करावं, हे अकिवाच्या मते सगळ्या शास्त्राचं मूळ. म्हणून कुणी धापा टाकत स्टॉपकडे येताना दिसलं, की काका बस थांबवून ठेवत. "मी पळत असतो तर?" एवढंच म्हणत.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी काकांनी चष्मा पुसला. "आज वाचतो."

"पाठ म्हणणार तुम्ही," मी म्हटलं. "बोट नुसतं फिरवणार."

"पैज?"

"पैज!"

त्यांनी नेमकं बसमधलं स्तोत्र उघडलं. ते तर मला झोपेतही आलं असतं. काका एकेका अक्षरावर बोट टेकवत उजवीकडून डावीकडे निघाले, आणि मी त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवत. काकू भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

मधेच माझे ओठ पुढे गेले आणि काका दुसरीकडेच वळले. ही ओळ मी कधी ऐकलीच नव्हती. काकाही थबकले. बोट मागे नेऊन त्यांनी ती पुन्हा वाचली, अडखळत.

"ही कुठून आली? बाबांनी कधीच म्हटली नाही."

"वडील तिथे बैलाला हाकारत असतील," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ती गाळलेलीच ऐकतेय मी."

"चौतीस वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"थांबू नका हो. पुढे वाचा."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हसतही होत्या. काका वाचत राहिले. चुकत, सावकाश, पान संपेपर्यंत.

हरणाऱ्याने सात नारळ खवायचे, अशी पैज होती. त्या रविवारी काकूंकडे मलिदा होता: एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ आणि भरपूर ओलं खोबरं. सातही नारळ मला खवावे लागले. काका ओट्याला टेकून उभे होते.

"खोबऱ्यात पाठीचं काळं येऊ देऊ नकोस हं, मैने."